टोरोंटोच्या गारठ्यात भाजी: रोपं घरातून बाहेर काढायची कशी

दरवर्षी मे उजाडला की इकडच्या आपल्या ग्रुप्सवर एकच फोटो फिरायला लागतो. टोमॅटोच्या रोपाची पानं पांढरी पडलीत, कडेने कागदासारखी वाळलीत, आणि खाली सल्ल्यांचा पाऊस. कोणी म्हणतं बुरशी आहे, नीम ऑइल मारा, कोणी म्हणतं हळदीचं पाणी घाला, कोणी म्हणतं खत कमी पडलं. यातलं काहीही नसतं हो, ते रोप उन्हाने भाजलेलं असतं. दीड-दोन महिने घरात लाइटखाली वाढवलेलं रोप एका शनिवारी उचलून थेट बॅकयार्डात ठेवलं की हेच होणार. बरीच रोपं या पहिल्या दोन दिवसांत ऊन आणि वाऱ्याने जातात, आणि याबद्दल कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे सगळं लिहितोय.

मी सांगतोय ते टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या भागाचं. कॅलगरीवाल्यांनी तारखा पुढे सरकवायच्या, पद्धत तीच.

आधी तारखेचं बोलू. "तुमचा झोन कुठला?" हा प्रश्न आपल्या टोमॅटो-वांग्यासाठी विचारायची गरजच नाही. तो झोन मुख्यतः हिवाळ्यात किती खाली तापमान जातं त्यावरून ठरतो, म्हणजे सफरचंदाचं झाड, गुलाब असल्या वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झाडांसाठी. एका उन्हाळ्यात संपणाऱ्या भाजीला फक्त शेवटचा फ्रॉस्ट, म्हणजे रात्री पानं गोठवणारा गारठा, कधी पडतो ते महत्त्वाचं. लेक ऑन्टारिओच्या काठाला तो लवकर संपतो, ब्रॅम्प्टनपासून वर गेलात की रेंगाळतो. इकडचे जुने लोक व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडला रोपं लावतात, म्हणजे 25 मेच्या आधीचा सोमवार, आणि हा हिशोब चांगला आहे. एप्रिलच्या शेवटी चार दिवस 20 डिग्री झालं म्हणून भुलू नका, 2020 मध्ये मेमधल्या मदर्स डेच्या वीकेंडला इथे बर्फ भुरभुरला होता.

तिथून उलटं मोजायचं. मिरची आणि वांगी 8 ते 10 आठवडे आधी, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. टोमॅटो 6 आठवडे आधी, एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा, फेब्रुवारीत अजिबात नाही, नुसते उंच लटपटीत होतात. दुधी, दोडका, कारलं मेच्या सुरुवातीला, मोठ्या कुंडीत, कारण या वेलांना मुळं हलवलेली खपत नाहीत. बी रात्रभर भिजवा आणि हीट मॅटवर ठेवा, गार मातीत कारलं हूं की चूं करत नाही. अंड्याचे ट्रे आणि टॉयलेट पेपरचे रोल कृपा करून सोडून द्या, त्यात दोन दिवसात माती कोरडी होते आणि मुळाला जागा नसते. सीड स्टार्टिंग मिक्स विकत आणा, बागेतली माती नको, पाणी खालून ट्रेमध्ये द्या, नाहीतर कोवळी रोपं देठाशी कुजून आडवी होतात. खिडकीतला उजेड मार्चमध्ये पुरत नाही. साधा एलईडी शॉप लाइट रोपाच्या डोक्यावर चार बोटांवर, दिवसाला 14 ते 16 तास. झालं.

बाहेर थेट पेरायची भाजी वेगळी. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, मटार ही थंडीतली मंडळी आहेत, त्यांना एप्रिलमध्येच पेरा. घाई फक्त एकाच बाबतीत करू नका, बर्फ वितळला म्हणून लगेच माती खणायला घेऊ नका, वापसा येऊ द्या, म्हणजे जास्तीचं पाणी निघून माती खणण्याजोगी होऊ द्या. मूठभर माती दाबून बघा, गोळा होऊन तसाच राहिला तर थांबा, बोटाने टोचल्यावर भुसभुशीत सुटला तर पेरा. ओल्या चिकणमातीत फावडं घातलंत तर वर्षभर ढेकळं फोडत बसाल. कोथिंबीर उशिरा पेरलीत तर जूनच्या उन्हात लगेच तुरा काढते, म्हणून एप्रिलच.

आता मुख्य गोष्ट, हार्डनिंग, म्हणजे घरातल्या रोपाला हळूहळू बाहेरच्या ऊन-वाऱ्याची सवय लावणं. आपल्याकडचे नर्सरीवाले पण हाच शब्द वापरतात. घरातल्या रोपाला खरं ऊन माहीतच नसतं. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्ही-बी काचेतून फारसं येत नाही, साध्या एलईडीत तर नसतंच, त्यामुळे पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो. वारा पण माहीत नसतो, त्यामुळे देठ बारीक आणि लुसलुशीत. असं रोप मेच्या दुपारी बाहेर ठेवलं की पानातून पाणी इतक्या वेगाने उडतं की एवढीशी मुळं ते भरून काढू शकत नाहीत, तासाभरात माना टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी पांढरे चट्टे. म्हणून त्याला सवय लावायची, आणि सवय लागायला 10 ते 14 दिवस लागतात. "तीन दिवसात हार्डनिंग" सांगणारे व्हिडिओ बंद करा.

याची सुरुवात घरातच होते. खरी पानं फुटली की छोटा टेबल फॅन स्लोवर लावून ठेवा, रोपं नुसती हलली पाहिजेत, किंवा येताजाता शेंड्यांवरून हात फिरवा. देठ जाड होतो, फरक डोळ्यांना दिसतो.

मग मेच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर 12-15 डिग्री आणि वारा नसलेला ढगाळ दिवस बघून ट्रे बाहेर काढा. पहिल्या दिवशी एक तास, पूर्ण सावलीत, घराच्या उत्तरेच्या भिंतीला किंवा पॅटिओच्या टेबलाखाली. दुसऱ्या दिवशी दोन तास, सावलीतच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, मग परत सावली. त्यानंतर रोज ऊन तासाभराने वाढवत जा, पण दुपारी 11 ते 3 चं ऊन आठवडा उलटेपर्यंत नको म्हणजे नको. दहाव्या दिवसाच्या आसपास रोप दिवसभर उन्हात उभं राहायला लागतं. मधे एखादा दिवस सोसाट्याचा वारा असेल तर त्या दिवशी सुट्टी, ट्रे घरातच, मोजणी दुसऱ्या दिवसापासून पुढे. वाऱ्याला कमी लेखू नका, उन्हाइतकंच नुकसान तो करतो आणि दिसत नाही.

"आम्ही ऑफिसला जातो, तासातासाने ट्रे कोण हलवणार" हे सगळेच विचारतात. सोपं आहे, मे मध्ये इथे सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो. संध्याकाळी घरी आलात की ट्रे बाहेर, जेवणं होईपर्यंत राहू द्या, संध्याकाळचं ऊन तसंही सौम्य असतं. पहिले पाच दिवस असेच काढा, आणि लांब तासांची पाळी वीकेंडला येईल असं बघा. सकाळी निघताना सावलीत ठेवून दिवसभर विसरणं मात्र नको, कारण सकाळची सावली बाराला तिथे नसते. आपल्या बॅकयार्डात कुठली जागा कधी उन्हात येते हे एका रविवारी बसून बघून ठेवा.

पाण्याबद्दल एक चुकीचा सल्ला सारखा दिसतो, की हार्डनिंग करताना पाणी तोडा म्हणजे रोप कणखर होतं. थोडं कमी करा, ठीक, पण रोप मान टाकेपर्यंत वाट बघू नका. छोट्या कुंडीतली माती बाहेर तीन-चार तासात सुकते, सकाळी पाणी देऊनच बाहेर काढा. खत या दोन आठवड्यात बंद, नाहीतर कोवळी हिरवी वाढ येते आणि तीच आधी भाजते.

चट्टे पडलेच तर रोप फेकू नका. ती पानं परत हिरवी होत नाहीत, पण शेंडा हिरवा असेल तर नवीन पानं नीट येतात. सावलीत परत घ्या आणि दोन दिवस मागे जाऊन पुन्हा सुरू करा.

रात्रीचं गणित वेगळं. टोमॅटो, मिरची, वांगं 10 डिग्रीच्या खाली रात्री बाहेर ठेवू नका. मरणार नाहीत कदाचित, पण अशी आखडतात की जून अर्धा जातो तरी हलत नाहीत, आणि जूनमध्ये लावलेलं शेजाऱ्यांचं रोप पुढे निघून जातं. शेवटच्या दोन रात्री, 10 च्या वर असतील तर, बाहेरच राहू द्या. कोबी-ब्रोकोलीला हलका गारठा चालतो. दुधी-कारल्याची पानं रुंद आणि नाजूक, त्यांना सावलीचे दिवस जास्त द्या.

दुकानातून आणलेल्या रोपांनाही हे सगळं लागू आहे. एप्रिलमध्ये मोठ्या स्टोअरबाहेर फुलं आलेली टोमॅटोची रोपं मांडतात, ती ग्रीनहाऊसमधून थेट आलेली असू शकतात. घेताना विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर हार्डनिंग झालेलं नाही असंच धरा.

लावणी. किचनमधला मीट थर्मामीटर सकाळी मातीत बोटभर खोल खुपसा, टोमॅटोला 15 डिग्री हवं, दुधी आणि भेंडीला 18-20. टोमॅटो देठासकट खोल पुरा, देठाला मुळं फुटतात, मिरची-वांगं कुंडीत होतं तेवढंच. संध्याकाळी लावा, भरपूर पाणी.

लावल्यावर फोरकास्ट 2-3 डिग्री दाखवत असेल, आकाश निरभ्र आणि हवा स्तब्ध असेल, तर झाकाच, कारण तो आकडा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरचा असतो आणि जमिनीलगत त्याहून गार असतं. जुनी चादर काठ्यांवरून टाका, कडा जमिनीला टेकल्या पाहिजेत, मातीची ऊब आत राहते. प्लास्टिक पानाला टेकलं की तिथेच पान जळतं. सकाळी चादर काढायला विसरू नका.

पहिल्या आठवडाभरात पानाची खालची बाजू जांभळट दिसली तर लगेच खताचा डबा उघडू नका. मातीत फॉस्फरस असतो पण गार मातीत मुळांना तो उचलता येत नाही, जमीन तापली की नवीन पान हिरवं येतं. भेंडी आणि गवार जूनच्या पहिल्या आठवड्यात थेट मातीत टोका, घरात रोपं करायचा खटाटोप नको. आणि वालाच्या शेंगा हव्या असतील तर गावाकडून आणलेलं बी लावू नका, आपले बरेचसे वाल दिवस लहान व्हायला लागल्यावरच फुलतात, इथे जूनमध्ये 15 तासांहून मोठा दिवस, वेल नुसता कुंपणभर पसरतो आणि फुलं येतात तोवर ऑक्टोबरचा फ्रॉस्ट दारात. दिवसाच्या लांबीचा फरक न पडणारी जात मागून घ्या.