बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर काटा अडलाय? या चुका टाळा

बेरिॲट्रिक म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया. तिच्यानंतर पहिले दोन आठवडे वजन झपाझप उतरतं आणि तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा हटून बसतो. मग पहिली चूक होते ती घाबरून: आधीच वाटीभर असलेलं खाणं आणखी कमी करायचं. खरं तर सुरुवातीला जे उतरलं, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, शरीर आधी खर्च करतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बाहेर पडतं. खाणं थोडं वाढलं की तो साठा पुन्हा भरतो, पाणी परत येतं. आत चरबी कमी होत असते, काटा मात्र ते दाखवत नाही. ही अडगाठ बहुधा काही दिवसांत किंवा एक-दोन आठवड्यांत आपोआप सुटते. तोवर रोज सकाळी काट्यावर चढण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच वजन करा आणि कंबरेला टेप लावून बघा.

सहा-आठ महिन्यांनी वजन अडलं तर मात्र ताटात डोकवायला हवं. इथे सगळ्यात जास्त फसवतो तो एक समज: ‘पोटच लहान केलंय, आता जास्त जाणार कुठून?’ जातं! बिस्किटं, चिप्स, आइसक्रीम असे पदार्थ तोंडात विरघळतात आणि पोटात न थांबता पुढे सरकतात. पोट भरल्याची जाणीवच होत नाही. दिवसभर दोन-दोन घास तोंडात टाकत राहिलं तर लहान पोटालाही भरपूर कॅलरी पचवता येतात. जेवताना पाणी पिण्याची सवयही अनेकांना नडते, कारण घन अन्न त्यामुळे लवकर खाली उतरतं असं मानलं जातं. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोट घोट प्या. गोड पेयं आणि मद्य यांच्या कॅलरी तर कुणी मोजतच नाही. गॅस्ट्रिक बायपासनंतर (पोट लहान करून ते थेट पुढच्या आतड्याला जोडणारी शस्त्रक्रिया) दारू रक्तात फार लवकर भिनते, तो धोका वेगळाच.

प्रथिनांकडे दुर्लक्ष ही चूक दिसत नाही, पण महाग पडते. बहुतेक आहारतज्ज्ञ दिवसाला किमान 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं सांगतात. तुमचा आकडा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. ती कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि स्नायू घटले की बसल्या जागी होणारा ऊर्जेचा खर्चही घटतो. म्हणून ताटातला प्रथिनांचा भाग आधी संपवा. नुसतं चालणं चांगलंच, पण 120 किलोच्या शरीराला जितकी ऊर्जा लागायची, तितकी 85 किलोच्या शरीराला त्याच फेरीत लागत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की आठवड्यातून दोन-तीनदा वजनं किंवा रबरी पट्ट्यांचे व्यायाम जोडा.

‘पाउच रीसेट’ (पाउच म्हणजे शस्त्रक्रियेनंतर उरलेलं लहान पोट) म्हणून पुन्हा चार-पाच दिवस फक्त पातळ पदार्थांवर राहण्याचा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते तो टाळावा. त्याने पोट पुन्हा लहान होत नाही. उतरतं ते बरंचसं पाणी, आणि नेहमीचं खाणं सुरू झालं की ते परततं.

कधी दोष ताटात नसतोच. स्टेरॉइड, इन्शुलिन, नैराश्यावरच्या काही गोळ्या, मंदावलेलं थायरॉइड, अपुरी झोप यांनीही वजन अडतं. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि बारा ते अठरा महिन्यांनंतर थांबलेलं वजन अनेकदा अडलेलं नसतं, ते स्थिरावलेलं असतं. तिथून पुन्हा वाढायला लागलं, तर लाजेपोटी तपासणी टाळू नका. शस्त्रक्रियेनंतरही वजनाची औषधं देता येतात; ती द्यायची की नाही हे तुमच्या सर्जनशी बोलून ठरवा. भेटीला जाताना आठवडाभर काय, किती आणि किती वाजता खाल्लं, याची खरीखुरी नोंद बरोबर न्या, मधल्या बिस्किटांसकट.