मोरचूद, चुना आणि ओढ्याचं पाणी: पावसाळ्यातला सल्ला

कोल्हापूर जिल्ह्यात तांब्याची खाण नाही. राधानगरी-शाहूवाडीच्या पठारांवर निघतं ते बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचा दगड. तिथून उतरणारं लाल पाणी म्हणजे मुख्यतः गाळ. तो खाचरात साचतो, ठिबकचे फिल्टर तुंबवतो, पण त्यात तांबं शोधत बसू नका. आपल्या रानात तांबं येतं ते टोमॅटो-मिरचीच्या करप्यासाठी आणलेल्या मोरचुदातून, म्हणजे कॉपर सल्फेटमधून. ते पाण्यात कसं वागतं, हे तांब्याच्या खाणीकडे बघून चांगलं कळतं.

मध्य प्रदेशातलं मलांजखंड किंवा राजस्थानातली खेत्री, तिथलं तांबं गंधकाशी जखडलेलं असतं. असा दगड फोडून उघडा पडला, त्याला हवा-पाणी लागलं की गंधकाचं आम्ल होऊ शकतं. शेजारी चुनखडी नसेल तर पाण्याचा सामू (पीएच) घसरतो आणि तांबं, लोह, जस्त विरघळून ओढ्याला लागतात. पुढे चांगलं पाणी मिसळून सामू चढला की आधी लोह नारिंगी साका होऊन तळाला बसतं. तांब्याला त्याहून जास्त सामू लागतो. म्हणून वरचं पाणी नितळ दिसलं तरी त्यात मासे जगतीलच असं नाही.

बोर्डो मिश्रण म्हणजे करप्यावर फवारायचं मोरचूद आणि चुना; त्याच्या पिंपातही हेच चालतं, चुन्यानं सामू चढतो आणि मोकळं तांबं साका होतं. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये. दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या प्लॅस्टिकच्या पिंपात ओता आणि ढवळत राहा. मग घासून लख्ख केलेलं कोयत्याचं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस लेप चढला तर तांबं अजून मोकळं आहे. चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, पातं स्वच्छ निघेपर्यंत. ही तपासणी टाळली तर कोवळी पानं जळतात. मिश्रण त्याच दिवशी संपवा. उघडीप बघून फवारा. भर पावसात फवारलेलं मोरचूद थेट पाटात जातं.

पंप ओढ्यावर धुवायची सवय मात्र मोडाच. ओलिताच्या पाण्यात तांबं लिटरला ०.२ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. किलोभर मोरचुदात तांबं साधारण २५० ग्रॅम. हिशेब केला तर साडेबारा लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेण्याइतकं. पंपाचं धुवण फवारलेल्या पिकाच्या सरीतच सोडा.

शेततळ्यातल्या शेवाळावर सध्या मोरचूद नकोच. पावसाचं पाणी मऊ असतं, त्यात तांबं माशांना जास्त बाधतं. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. पाण्याची अल्कता (आम्ल मारण्याची ताकद) लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर कधीच टाकू नये.

आणि मेंढरं असतील तर फवारलेल्या बांधावर चारू नका. गाई-म्हशींना सोसेल एवढं तांबं मेंढीला सोसत नाही. ते यकृतात साठत जातं आणि जनावर एकाएकी कोसळतं.