रात्री डोकं थांबत नव्हतं, वहीनं झोप परत आणली

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. आईच्या आजारपणात माझी झोप पार उडाली होती, जेवून अंग टाकलं की छातीत धडधड सुरू, नळाला पाणी यायची वेळ झाली तरी मी टक्क जागा. ताई म्हणाली दादा, कुणाशी बोलत नाहीस तर निदान लिही तरी.

मग वाचलं की १९८६ साली जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांनी रोज १५ मिनिटं, सलग ४ दिवस, मनाला लागलेल्या गोष्टी लिहिल्या आणि पुढच्या महिन्यांत त्यांचं डॉक्टरकडे जाणं कमी झालं. मी तेच धरलं. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. पहिल्या पानावर नुसतं डॉक्टर, बिलं, रिपोर्ट एवढंच होतं, मग एकदम "आई गेली तर" असं लिहिलं आणि पेन इतकं दाबलं गेलं की मागच्या पानावर वळ उठले, खूप रडलो, पण त्या रात्री झोप लागली.

आता झोपताना फक्त उद्याची कामं लिहितो: सूतवाल्याचं बिल, आईची शुगरची गोळी, गॅसचा नंबर. याचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला.

लिहून उलट जास्तच घुसमटायला लागलं तर वही बंद करा आणि टेली-मानसला (मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, २४ तास चालू असतो, मराठीत बोलतात.