इन्सुलिन पॅच आणि विसराळूपणा: या चुका टाळा

पॅच लावला की लक्षात ठेवायचं काही उरत नाही, असं घरची माणसं धरून चालतात. स्मरणशक्ती कमी झालेल्या रुग्णाला ही समजूत फार महागात पडते. पॅचमुळे टोचणं कमी होतं. जेवणाचा डोस, पॅच बदलणं, साखर बघणं ही कामं राहतातच.

हा औषध लावलेला चिकटपट्टीचा तुकडा नव्हे. इन्सुलिनचा रेणू मोठा, तो अखंड त्वचेतून आत जात नाही. म्हणून पॅचखालून बारीक नळी त्वचेखाली जाते. ती वाकली तरी पॅच वरून व्यवस्थितच दिसतो. आत फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असल्याने पुरवठा थांबला की काही तासांत साखर चढते, आणि टाइप 1 मधुमेहात कीटोनही (इन्सुलिन नसल्याने शरीर चरबी जाळतं तेव्हा रक्तात साठणारी आम्लं) वाढतात. साखर 250 च्या वर आणि डोस देऊनही उतरत नाही, तर त्याच पॅचवर विसंबू नका. डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे इन्सुलिन पेनने इंजेक्शन द्या, पॅच बदला, कीटोन तपासा. उलट्या किंवा धाप असेल तर थेट रुग्णालय गाठा.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे ‘डोस घेतला की नाही?’ या शंकेपोटी पुन्हा डोस घेणं. आधीचं इन्सुलिन तीन ते पाच तास काम करत असतं. कंट्रोलर (पॅच चालवणारं हातातलं यंत्र) असलेल्या पॅचमध्ये आधीच्या डोसची नोंद सापडते. नुसत्या बटणाच्या साध्या पॅचमध्ये ती नसते, तिथे वहीच हवी. नोंद नसेल तर डोस थांबवून साखर बघा.

तोच तोच प्रश्न, चिडचिड, गोंधळ दिसला की ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. आधी साखर मोजा. 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज देऊन 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, तातडीची मदत बोलवा. जुन्या मधुमेहात घाम, थरथर हे इशारे बोथट होतात. साखर वारंवार फार उतरणं आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आढळला आहे. म्हणून अशा ज्येष्ठांचं एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) 7 टक्क्यांच्या आत आणायचा अट्टाहास नको, बरेच डॉक्टर 8 पर्यंत चालवून घेतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी12 तपासून घ्या. त्याची कमतरताही विसराळूपणा आणते, आणि ती भरून काढता येते.

पॅच एकाच जागी लावल्याने गाठी होतात आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जागा बदला, त्वचेवर तेल, क्रीम नको.

अंगावर दोन-तीन पॅच असतील तर घोळ ठरलेलाच. साखर मोजणारा सेन्सर बहुधा 10 ते 15 दिवस चालतो, इन्सुलिनचा पॅच बहुधा तीन दिवसांपर्यंत, आणि स्मृतिभ्रंशासाठीचा रिव्हास्टिग्मिनचा पॅच रोज बदलावा लागतो. तो जुना न काढता नवा लावला तर दुप्पट औषध जाऊन उलट्या होतात, नाडी मंदावते. नवा लावण्याआधी जुना राहिला नाही ना, हे बघायला पाठही तपासा. पॅचवर तारीख लिहायची सवय ठेवा.