एडिसनमध्ये भाड्याचे घर घेताना

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला ‘ओक ट्री रोडच्या (भारतीय दुकानांच्या रस्त्याच्या) जवळच घर बघा’ हा सल्ला हमखास मिळतो, आणि तो देणारी मंडळी स्वतः बहुधा तिथून लांब राहायला गेलेली असतात. वाणसामान आठवड्यातून एकदा आणायचे असते, न्यूयॉर्कची गाडी मात्र रोज पकडायची असते. म्हणून घरापासून मेट्रोपार्क किंवा एडिसन स्थानकापर्यंत सकाळच्या गर्दीत किती वेळ लागतो, हे एकदा त्याच वेळी स्वतः जाऊन पाहावे.

नवागताची क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्ज-कार्डाचे पैसे वेळेवर फेडल्याची नोंद, नसते, म्हणून काही मालक वाढीव डिपॉझिट मागतात, आणि आपली माणसे संकोचापोटी ते देऊनही टाकतात. ते देऊ नये. या राज्यातील कायद्यानुसार अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या मालकाला दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक डिपॉझिट घेता येत नाही. भाडे २,००० डॉलर असेल, तर ३,००० डॉलरच्या वर एक डॉलरही नाही. ही रक्कम व्याज मिळणाऱ्या खात्यात ठेवून त्या बँकेचा तपशील ३० दिवसांत भाडेकरूला लेखी कळवणे मालकावर बंधनकारक आहे. क्रेडिटच्या जागी ऑफर लेटर आणि पगाराच्या स्लिपा पुढे कराव्यात.

लीज, म्हणजे भाडेकरार, मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, आणि घर सोडण्याची नोटीस किती दिवस आधी व कशी द्यायची, ते कलम दोनदा वाचावे. मी ते वाचले नव्हते. लीज संपण्याच्या बऱ्याच आधी मी कॉम्प्लेक्सच्या ऑफिसमधल्या बाईंना ‘आम्ही पुढे राहणार नाही’ असे सांगितले. त्यांनी टेबलावरच्या बरणीतली चॉकलेटे माझ्या मुलीपुढे धरत ‘नो प्रॉब्लेम’ म्हटले आणि मी निर्धास्त झालो. आम्ही घर सोडले तेव्हा त्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या, आणि लीजमध्ये ६० दिवसांची लेखी नोटीस हवी असे स्पष्ट छापलेले होते. दोन महिन्यांच्या भाड्यापोटी माझे सगळे डिपॉझिट गेले आणि वर अर्ध्या महिन्याचा चेक लिहून द्यावा लागला. भाडेकरू निघून गेल्यावर मालकानेही दुसरा भाडेकरू शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला पाहिजे, असा निकाल न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच दिला आहे, हे मला पैसे भरून झाल्यावर कळले. तेव्हा नोटीस सर्टिफाइड मेलने पाठवावी आणि पोचपावती जपून ठेवावी. समोरचा माणूस कितीही गोड बोलला तरी.

लीजवर एकाचे नाव आणि राहणारे चौघे, हा आपल्या मुलांचा लाडका व्यवहार. तिघे नोकरी बदलून गेले की पूर्ण भाडे त्या एकाच्या गळ्यात पडते, म्हणून राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव लीजवर घालावे.

हीट, म्हणजे थंडीत घर गरम ठेवण्याचा खर्च, भाड्यात धरली आहे का, हे सही करण्याआधी विचारावे. ती मालकाच्या हाती असेल, तर १ ऑक्टोबर ते १ मे या काळात सकाळी ६ ते रात्री ११ पर्यंत घरात किमान ६८ अंश फॅरनहाइट तापमान राखणे हे त्याचे काम आहे. किल्ली हाती आल्यावर सामान आत आणण्यापूर्वीच कार्पेटवरच्या प्रत्येक डागाचा फोटो काढून त्याच दिवशी ऑफिसला ईमेल करावा.