मृगाआधी शिवाराची तयारी

मृग लागतो ७ जूनच्या आसपास, पण शिवाराची तयारी एप्रिलपासूनच हवी. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं; २५ मिलिमीटरची एक सर म्हणजे अडीच लाख लिटर. हे पाणी धावत सुटलं तर सोबत माती नेणारच.

म्हणून पहिलं काम माथ्यावर. टेकडीवरचे जुने समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले) गाळाने भरले असतील तर आधी ते उपसा आणि माती उताराच्या बाजूला टाका. नवे चर खोदायचे असतील तर हायड्रोमार्करने, म्हणजे नळीतल्या पाण्यावरून एका पातळीच्या जागा दाखवणाऱ्या साधनाने, आखणी करूनच खोदा. डोळ्यांच्या अंदाजाने खोदलेला चर तिरका झाला की पाणी मुरत नाही, एका टोकाला जाऊन घळ पाडतं. माथा सोडून आधी नाल्यात जेसीबी उतरवण्याची घाई मला पटत नाही. वरून माती येतच राहिली तर खालचा बंधारा दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो.

मग बांध. उंदरांची बिळं बुजवा, खचलेला भाग भरा, सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणाऱ्या वाटेला, दगड लावा. सांडवा नसलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो. बांधावर मारवेल किंवा खस गवत लावायचं असेल तर ठोंब आत्ताच सांगून ठेवा.

माती परीक्षण राहिलं असेल तर रान मोकळं आहे तोवर उरका. इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घेऊन कडेची माती काढा; झाडाखालची, गोठ्याजवळची, उकिरड्याची घेऊ नका. पऱ्हाट्या आणि पाचट पेटवू नका, कुट्टी करून रानातच पसरा. तलावातला गाळ हलक्या, मुरमाड रानालाच घाला. काळ्या रानाला त्याची गरज नसते, आणि गाळ चोपण (सोडियम जास्त असलेला, पाणी मुरू न देणारा) नाही ना हे आधी तपासा.

घरचं सोयाबीन बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघा. सत्तर उगवले तर पेरायला हरकत नाही. पेरणी उताराला आडवीच करा, जमल्यास बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राने. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत मात्र चाड्यावर मूठ धरू नका.

एक काम सगळ्यांनी मिळून करायचं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडून पिकं ठरवतात. त्यासाठी पावसाची रोजची नोंद लागते. तेव्हा पर्जन्यमापक शाळेच्या मोकळ्या अंगणात, झाडं-भिंतींपासून लांब बसवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद कोण घेणार ते नाव ग्रामसभेत आत्ताच ठरवून घ्या.