बायोटिन लेबलिंग फसतंय? या चुका टाळा

अँटिबॉडीला बायोटिन जोडायचं (हेच लेबलिंग), मग बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाविडिन या प्रथिनाने ती शोधायची. लेबलिंग झालं नाही की पहिला आळ अँटिबॉडीवर, दुसरा स्ट्रेप्टाविडिनवर. बायोटिन जोडणाऱ्या रिएजंटच्या, म्हणजे सल्फो-एनएचएस-एलसी-बायोटिनच्या व्हायलकडे कुणी बघतच नाही. नवी मुंबईच्या दमट तुर्भे-महापे पट्ट्यातल्या लॅबमध्ये, तेही जुलैत, शोध तिथूनच सुरू करावा.

हा रिएजंट प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या अमाइन गटाला जोडला जातो, पण पाणी मिळालं की त्याचं हायड्रोलिसिस होतं, म्हणजे पाण्याने तो तुटतो, आणि उरते ती नुसती निकामी पांढरी पावडर. उणे 20 अंशांवरून काढलेली व्हायल तशीच उघडली की आतल्या गार पावडरवर दव धरतं. असं चार-पाचदा झालं की पावडरचे खडे होतात. तरी ते खरवडून, वजन करून वापरणं चालूच! ब्लॉट (प्रथिनं पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने शोधायची चाचणी) कोरा येतो, म्हणून रिएजंट दुप्पट घातला जातो. तोही कोरा, मग नवी अँटिबॉडी मागवतात. सगळे पैसे खर्च झाले की कुणीतरी नवी व्हायल उघडतं आणि पहिल्याच खेपेला प्रथिनाची पट्टी (बँड) दिसते.

व्हायल सिलिका जेलच्या डब्यासकट बाहेर काढा, अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या, मगच झाकण उघडा. घाई असेल तर 1 मिलिग्रॅमच्या एकदाच वापरायच्या व्हायल घ्या. महाग पडतात, पण अँटिबॉडीपेक्षा स्वस्तच.

सकाळी स्टॉक (रिएजंटचं पाण्यातलं द्रावण) करून जेवणानंतर वापरणारे दुसरे. पीएच 7 आणि 0 अंशांवर एनएचएस एस्टर (रिएजंटचा अमाइनला जोडणारा भाग) निम्मा उरायला चार-पाच तास लागतात, पीएच 8.6 आणि 4 अंशांवर दहाच मिनिटं. म्हणून आधी अँटिबॉडी तयार ठेवा, स्टॉक सगळ्यात शेवटी. 1 मिलिग्रॅममध्ये 180 मायक्रोलिटर पाणी घातलं की 10 मिलिमोलर होतो. 1 मिलिग्रॅम आयजीजी (नेहमीच्या प्रकारची अँटिबॉडी) म्हणजे 6.7 नॅनोमोल, रेणूंच्या हिशेबात 20 पट रिएजंटसाठी त्यातले 13 मायक्रोलिटर पुरतात. अँटिबॉडी 2 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असावी. मिश्रण बर्फात दोन तास किंवा बाहेर खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवा. ‘जरा जास्तच घालू’ म्हणणाऱ्यांची अँटिबॉडी अँटिजेन धरेनाशी होते, कधी साकाही बसतो.

ट्रिस किंवा ग्लायसिन असलेला बफर नको, त्यांचेच अमाइन रिएजंट खाऊन टाकतात. फॉस्फेटचा बफर, पीबीएस, वापरा.

विकतच्या अँटिबॉडीत बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) असेल तर बायोटिन लागतं बीएसएलाच.

साधा, सल्फो नसलेला एनएचएस-बायोटिन जुन्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवू नका. उघडलेल्या बाटलीतला डीएमएसओही हवेतलं पाणी ओढतो.

शेवटी अँटिबॉडी 7 किलोडाल्टनच्या डिसॉल्टिंग कॉलममधून (लहान रेणू वेगळे काढणाऱ्या नळीतून) काढाच. सुटं बायोटिन राहिलं तर स्ट्रेप्टाविडिनच्या जागा तेच अडवतं आणि पुन्हा आळ अँटिबॉडीवर.